नीस, मोनॅको, व्हिलफ्रान्श : मित्रमंडळींसोबत रिव्हिएरावर एक निवांत दिवस

फ्रेंच रिव्हिएराला, म्हणजे फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याला, जायचं ठरलं की व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला बेत हमखास असा येतो : सकाळी कान (Cannes), दुपारी नीस, संध्याकाळी मोनॅको आणि जमलं तर रात्रीचं जेवण इटलीत. नकाशावर हे सगळं बसतं. सगळी गावं एकाच रेल्वेमार्गावर आहेत आणि अंतरं आपल्या लोकलच्या प्रवासाएवढीच. पण असा दिवस काढलेल्या माणसाला संध्याकाळी विचारा, काय पाहिलं? तो प्लॅटफॉर्म सांगेल.

मी जर्मनीत राहते. पुण्या-मुंबईकडची मित्रमंडळी आली की त्यांना घेऊन इकडे येणं होतं, त्यामुळे तेच प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर पडतात. या किनाऱ्याचं एक सूत्र पहिल्यांदाच लक्षात घ्या. इथलं वैभव बघायला पैसे पडत नाहीत, त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसायला पडतात. चालायचं कुठे आणि बसायचं कुठे हे नीट ठरवलं, तर बेताच्या पैशांत दिवस झकास जातो.

१. आधी बाजू ठरवा : पूर्व की पश्चिम

मुक्काम नीसला करा. नीसच्या पूर्वेला व्हिलफ्रान्श, बोलियू, एझ, मोनॅको आणि इटलीच्या सीमेलगतचं मेंतों. पश्चिमेला आँतिब आणि कान. मोनॅकोला रेल्वेने वीस-पंचवीस मिनिटं, कानला अर्धा-पाऊण तास.

एका दिवसात एकच बाजू. दोन्ही बाजू एका दिवसात उरकणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त त्यांच्यासोबत जात नाही.

पहिल्यांदाच येत असाल तर पूर्वेची बाजू घ्या. सकाळ नीसमध्ये, दुपार मोनॅकोत, ऊन उतरताना व्हिलफ्रान्शला समुद्रात डुंबणं, रात्री परत नीस. पुढचा सगळा लेख याच बेताचा आहे.

महिन्यांचं म्हणाल तर सप्टेंबर उत्तम. पाणी उबदार असतं आणि युरोपातल्या शाळांच्या सुट्ट्या संपलेल्या असतात. मे महिन्यात कानचा चित्रपट महोत्सव असतो. मोनॅकोची फॉर्म्युला वन शर्यत वर्षानुवर्षं मेअखेरीस व्हायची, २०२६ पासून ती जूनच्या सुरुवातीला गेली आहे. शर्यतीच्या कितीतरी आधीपासून मोनॅकोचे रस्ते कठड्यांनी आणि प्रेक्षकांच्या गॅलऱ्यांनी भरतात. बंदराचं ते प्रसिद्ध दृश्य तेव्हा पत्र्याआड जातं आणि हॉटेलांचे दर तर बोलायलाच नकोत. शर्यतीचे वेडे असाल तरच त्या दिवसांत या.

२. कागदपत्रं आणि पिशवी

भारतातून येणाऱ्यांसाठी :

- शेंगेन व्हिसा. मोनॅकोला वेगळा व्हिसा लागत नाही. फ्रान्समधून तिथे जाताना सीमेवर कुणी अडवतही नाही, एक देश संपून दुसरा लागल्याचं पाटीवरूनच कळतं.
- किमान ३०,००० युरोचं संरक्षण देणारा प्रवास विमा. तो व्हिसाच्या अर्जालाच जोडावा लागतो.
- पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत.
- व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ लागतो, म्हणून उन्हाळ्यासाठी होळीच्या आसपास हालचाल सुरू करा.

युरोपात राहणाऱ्यांनी रेसिडेन्स कार्ड आणि पासपोर्ट दोन्ही जवळ ठेवायचे. ‘आतल्या आत तर जातोय’ म्हणून पासपोर्ट घरी ठेवणारा एखादा प्रत्येक ग्रुपमध्ये निघतोच.

पिशवीत : पाण्यात चालतील असे रबरी बूट (कारण पुढे येतं), पातळ टॉवेल, सनस्क्रीन, पाण्याची बाटली, एक बऱ्यापैकी शर्ट किंवा कुर्ता आणि थोडे सुटे युरो. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, बाजारातल्या छोट्या गाड्यांवर रोख बरी.

एक सापळा फोनचा आहे. मोनॅको युरोपीय संघात नाही आणि तिथलं टेलिफोन नेटवर्क वेगळं आहे. तुमच्या रोमिंग पॅकमध्ये फ्रान्स असलं तरी मोनॅको असेलच असं नाही. निघण्यापूर्वी यादी तपासा. नसेल तर फोनमधली नेटवर्कची आपोआप निवड बंद करून फ्रेंच नेटवर्क हाताने निवडून ठेवा. एवढासा तर देश, सीमेपलीकडची रेंज बऱ्याच ठिकाणी येते. नाही आली तर डेटा बंद ठेवा आणि नकाशा आधीच उतरवून घ्या.

३. पैशांचं नीसमध्येच बोलून घ्या

मैत्रीत पैशाचं काय बोलायचं, असं म्हणणारेच मोनॅकोत कॉफीचं बिल आलं की गप्प होतात. मित्रांच्या दिवसाचा विचका बहुधा हवामानामुळे होत नाही, यामुळे होतो.

आमची पद्धत सरळ आहे. तिकिटं, पाणी, बाजारातलं खाणं हे सामायिक. सकाळीच सगळ्यांनी सारखी रक्कम काढायची आणि ती एकाकडे द्यायची. कॅसिनो, कॉकटेल, संग्रहालय, खरेदी हे टीटीएमएम. एखाद्याला कॅसिनोच्या चौकात बसून वाईन प्यायचीच असेल तर त्याने खुशाल प्यावी, बाकीच्यांनी तोवर बंदरावर चक्कर मारावी. चोवीस तास एकत्र राहिलं तरच मैत्री, असं काही नसतं.

४. सकाळ नीसमध्ये : समुद्र, बाजार आणि किल्ला नसलेली टेकडी

आठच्या आत प्रोमनाद देझांग्लेवर पोचा. सुमारे सात किलोमीटरचा हा किनारारस्ता. १८२० च्या दशकात, हिवाळ्यासाठी नीसला येणाऱ्या इंग्रजांनी वर्गणी काढून त्याची पहिली पायवाट करून घेतली. त्या सुमारास थंडीने शेतीचं नुकसान होऊन गावात काम शोधणारे गोरगरीब वाढले होते, त्यांच्या हाताला काम मिळावं हा त्यामागचा हेतू. तिथल्या निळ्या खुर्च्या फुकट आहेत. १९१३ साली उघडलेलं, गुलाबी घुमटाचं नेग्रेस्को हॉटेल पाठीमागे ठेवून बसा. आत कॉफी प्यायला किती पडतात याची चौकशी करण्यापेक्षा हे सोपं.

इथला किनारा वाळूचा नाही, गुळगुळीत गोट्यांचा आहे. अनवाणी चालताना चांगलेच टोचतात, शिवाय पाणी दोन पावलांत खोल होतं. रबरी बूट त्यासाठी. पोहता न येणाऱ्यांनी इथे कमरेपर्यंतसुद्धा जाऊ नये. डुंबायचं ते संध्याकाळी व्हिलफ्रान्शला.

तिथून जुन्या नीसमधल्या कूर सालेयाच्या बाजारात जा. फुलं, भाज्या, ऑलिव्ह, सुकवलेले टोमॅटो, फळं. बाजार दुपारी आवरतो. सोमवारी मात्र भाजी-फुलांऐवजी जुन्यापुराण्या वस्तूंची दुकानं लागतात, म्हणून खाण्याच्या ओढीने येणाऱ्यांनी सोमवार टाळायचा.

इथे सोका खा. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, बस्स. तांब्याच्या भल्यामोठ्या परातीत पातळ ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात. कडा करपून कुरकुरीत होतात, मधला भाग मऊ राहतो. विकणारी बाई उलथन्याने खरवडून वेडेवाकडे तुकडे करते, वरून मिरपूड भुरभुरते आणि कागदात देते. हाताने, गरम असतानाच खायचं. आपल्या बेसनाच्या धिरड्याचीच ही फ्रान्सातली मावसबहीण. ग्रुपमधला कोणीतरी ‘यात ओवा आणि हिरवी मिरची हवी होती’ म्हणतोच. त्याचं बरोबर असतं, पण मोठ्याने म्हणू नये.

शाकाहारी मंडळींनी एवढं पाठ करा. सोका आणि पानीस (त्याच पिठाच्या तळलेल्या कांड्या) निर्धास्त खा. पिसालादियेर मात्र दिसायला कांद्याची पोळी, पण तिच्यात अँकोव्ही मासे असतात. पाँ बान्या हा गोल पाव आणि नीसचं सॅलड या दोन्हींत ट्यूना. ‘फार्सी’ म्हणजे भरली वांगी-टोमॅटोसारखं प्रकरण दिसतं, आत बहुधा खिमा असतो.

मग बाजारामागची शातोची टेकडी. नावात किल्ला आहे, जागेवर नाही. चौदाव्या लुईच्या हुकुमावरून १७०६ मध्ये तो पाडून टाकला. गडकिल्ले पालथे घालणारे मित्र बुरूज शोधत हिंडतील, त्यांना आवरा. वर जायचं ते दृश्यासाठी : एका बाजूला नीसच्या उपसागराची कमान, दुसऱ्या बाजूला बंदर. पायऱ्या आहेत आणि समुद्राच्या बाजूला फुकट लिफ्टही. गुडघ्यांनी काही सिद्ध करायचं नसेल तर लिफ्टने वर आणि पायऱ्यांनी खाली.

५. गाडी पकडताना

मुख्य स्टेशन नीस-व्हिल, समुद्रापासून वीसेक मिनिटं चालत किंवा ट्रामने. टेकडीवरून बंदराच्या बाजूला उतरलात तर नीस-रिकिए हे छोटं स्टेशन जवळ पडतं आणि पूर्वेकडे जाणाऱ्या लोकल गाड्या तिथेही थांबतात.

फलकावर ‘मोनॅको’ शोधत बसू नका. गाडी पुढे इटलीच्या हद्दीत जाते, म्हणून फलकावर बहुधा व्हेंतिमीलिया, म्हणजे फ्रेंचमध्ये व्हाँतिमी, असं शेवटचं स्टेशन लिहिलेलं असतं. या प्रादेशिक गाड्यांना आरक्षण नसतं. तिकीट साधारण पाच युरो, एसएनसीएफ या फ्रेंच रेल्वेच्या ॲपवर काढा. परतीचंही सकाळीच काढून टाका, कारण संध्याकाळी मोनॅकोच्या मशीनपुढे रांग असते.

उजव्या खिडकीला बसा, समुद्र त्या बाजूला. बोगद्यांमधून तो लपत-दिसत राहतो आणि नेमका व्हिलफ्रान्शला पूर्ण उघडतो.

या मार्गावर पाकीटमारी होते. दार बंद होता होता हातातला फोन हिसकावून उतरणं ही जुनी युक्ती. दारापाशी उभं राहून व्हिडिओ काढू नका, सॅक पोटाशी घ्या. मुंबईच्या लोकलमध्ये हे न सांगता करणारी माणसं युरोपात आली की सैल का होतात, मला कळलेलं नाही.

आणि एझ. डोंगरावरच्या त्या देखण्या गावाचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात, मग एझचं स्टेशन आलं की उतरायचा मोह होतो. स्टेशन समुद्रकाठी आहे, गाव चारशे मीटरहून उंच. मधली पायवाट तासाभराहून जास्त खडी चढण. आज नको.

६. मोनॅको : आधी खडक, मग खाणं

मोनॅकोचं स्टेशन डोंगराच्या पोटात आहे आणि त्याला वेगवेगळ्या पातळ्यांवर बाहेर पडायची दारं आहेत. चुकीच्या दाराने निघालात की समोर दिसणारं ठिकाण पाच मजले खाली असतं. ‘ल रोशे’ (राजवाडा असलेला खडक) किंवा ‘फाँव्हिए’ची पाटी धरून चला, प्लास दार्म या चौकाशी पोचाल. पुढे दिवसभर एक ध्यानात ठेवा, इथे सार्वजनिक लिफ्ट आणि सरकते जिने जागोजागी आहेत आणि सगळे फुकट. नकाशात रस्ता वळसा घेताना दिसला की आधी लिफ्टची पाटी शोधा.

चौकातून चढणीच्या विटांच्या वाटेने राजवाड्यासमोर या. ११ वाजून ५५ मिनिटांनी पहारा बदलतो. उन्हाळ्यात पांढरा गणवेश, हिवाळ्यात काळा. वीस मिनिटं आधी पोचलात तर पुढची जागा मिळते. मोनॅकोचं ग्रिमाल्दी राजघराणं १२९७ पासून या खडकाशी जोडलेलं आहे. साधूच्या वेशात आत शिरून किल्ला घेतल्याची कथा सांगतात आणि राजचिन्हावर तलवारधारी साधू आहेतही. जवळच्या कॅथेड्रलमध्ये हॉलिवूडची अभिनेत्री आणि पुढे मोनॅकोची राजवधू झालेल्या ग्रेस केलीची कबर आहे. शांतपणे बघून या, खांदे झाकलेले असावेत.

१९१० साली उघडलेलं समुद्रशास्त्र संग्रहालय इथेच आहे. ते नीट बघायला दोन तास लागतात. निवांत दिवसात ते बसत नाही असं माझं मत, पण मुलं सोबत असतील तर राजवाडा सोडा आणि तेच बघा.

जेवायला खाली, कोंदामीनच्या बाजारात. छताखाली छोटी दुकानं, मध्ये बाकं, आसपास कामावर असणारी माणसं जेवताना दिसतात. बार्बाजुआन मागवा : पालकासारखी पालेभाजी आणि रिकोटा चीज भरलेली तळलेली करंजी. काही ठिकाणी सारणात मांस घालतात, विचारून घ्या. उशीर मात्र नको. या सगळ्या पट्ट्यात बारा ते दोन ही जेवणाची वेळ, नंतर बऱ्याच हॉटेलांचं स्वयंपाकघर थेट संध्याकाळी सातला उघडतं. ‘तीनला बघू काहीतरी’ म्हणणाऱ्यांच्या वाट्याला पॅकेटबंद सँडविच येतं.

७. कॅसिनोचा चौक

इथे थोडा इतिहास ठाऊक असला की चौक वेगळा दिसतो. मेंतों आणि रोकब्रून ही गावं मोनॅकोचीच होती. १८४८ मध्ये ती फुटली आणि १८६१ मध्ये राजाने ४० लाख फ्रँक घेऊन त्यांच्यावरचा हक्क फ्रान्सला दिला. मुलखाचा फार मोठा भाग गेला, उरला तो खडक. उत्पन्न आणायचं कुठून? मग १८६३ मध्ये फ्रांस्वा ब्लाँ या जुगारघरांतल्या मुरलेल्या माणसाच्या हाती कॅसिनोचा कारभार दिला. १८६८ मध्ये रेल्वे आली, पाठोपाठ पैसेवाले आले आणि १८६९ मध्ये राजाने प्रजेचा प्राप्तिकर माफ केला. चौकात उभ्या असलेल्या झगझगीत गाड्यांचं मूळ या हिशेबात आहे. गंमत म्हणजे खुद्द मोनॅकोच्या नागरिकांना या कॅसिनोत जुगार खेळायला बंदी आहे.

बंदरावरून चौकात चालत या. बाहेर उभं राहून गाड्या, इमारत, माणसं बघणं फुकट, आणि खरी करमणूक तीच. आतली दालनं सकाळच्या वेळात तिकीट काढून नुसती बघता येतात, दुपारनंतर खेळ सुरू होतो. खेळायला वय १८ पूर्ण हवं आणि मूळ ओळखपत्र हवं, फोनमधला फोटो चालत नाही. चड्डी-चप्पल घालून दारापर्यंत जाऊ नका. पिशवीतला तो बरा शर्ट यासाठीच आणला होता. पोहण्याच्या कपड्यांत किंवा उघड्या अंगाने रस्त्यावर फिरायला इथे मनाई आहे, दंड होतो.

खेळायचंच असेल तर आकडा आधी ठरवा आणि कार्ड मित्राकडे द्या. कार्ड परत मागितलं तरी न देणारा मित्र निवडा.

शर्यतीचं वेड असलेल्यांना इथून सुटं सोडा. ३.३३७ किलोमीटरचा तो मार्ग म्हणजे रोजचेच रस्ते आहेत. चौकाखालचं केसाच्या आकड्यासारखं वळण आणि पुढचा बोगदा पायी करता येतो. चारला स्टेशनवर भेटायचं ठरवा, आणि कोणत्या दारापाशी तेही ठरवा.

८. संध्याकाळ व्हिलफ्रान्शला

परतीच्या गाडीने नीसच्या आधी उतरा. स्टेशनमधून बाहेर पडलं की खालीच किनारा, दोन-तीन मिनिटांत पाण्यात. वाळू जाडसर, खडे मिसळलेली, पण नीसपेक्षा कितीतरी सुसह्य. उपसागराला दोन्हीकडून डोंगरांची मिठी असल्यामुळे पाणी बहुधा शांत असतं. किनारा सार्वजनिक आहे. भाड्याच्या खुर्च्यांचा पट्टा वेगळा असतो, त्याला वळसा घालून टॉवेल टाका.

आमच्या मैत्रिणींपैकी अनेकींचा इथला पहिला प्रश्न कपड्यांचा असतो. लेगिंग-टीशर्टमध्ये उतरा, नाहीतर स्विमसूटमध्ये, कुणी वळूनही बघत नाही. आजीबाईंपासून तान्ह्या पोरांपर्यंत सगळं गाव पाण्यात असतं. कपडे बदलायच्या खोलीचा भरवसा धरू नका, टॉवेलआडचं कसब आपल्याला घाटावरून आलेलं आहेच. सामानापाशी पाळीपाळीने एकाने बसायचं.

वेळ उरला तर गावातली रू ओब्स्क्यूर ही घरांखालून जाणारी छताची गल्ली बघा. बंदरावरचं सँ-पिएर चॅपल फ्रेंच कवी-चित्रकार झाँ कॉक्तोने रंगवलेलं आहे, १९५७ मधलं. ते बंद असलं तर हळहळू नका, पाणी आहे.

९. रात्रीचं जेवण आणि उरलेली बाजू

नीसला जेवायला जुन्या गावात जा, पण कूर सालेयावर फोटोंची मेनूकार्डं घेऊन बोलावणाऱ्यांकडे नाही. दोन गल्ल्या आत शिरा. चारपेक्षा जास्त जण असाल तर टेबल सकाळीच सांगून ठेवा. पाणी मागताना ‘कराफ दो’ म्हणा, नळाचं पाणी फुकट मिळतं. नुसतं ‘वॉटर’ म्हटलंत तर विकतची बाटली येईल. टीप सक्तीची नाही, सेवाशुल्क बिलातच असतं.

हाताशी आणखी एक दिवस असेल तर पश्चिमेला जा. आँतिबला सकाळचा बाजार, अवाढव्य यॉट्सचं बंदर आणि समुद्राच्या भिंतीवरचं पिकासो संग्रहालय, सोमवारी बंद. कानला वाळूचा किनारा, महोत्सवाच्या त्या २४ पायऱ्या आणि वर ल सुके ही जुनी वस्ती. इंदूरचे महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) आणि संयोगिताबाई इथे येऊन राहत, मॅन रे यांनी त्यांची छायाचित्रं काढली आहेत. लाल गालिचा नसताना त्या पायऱ्या एखाद्या सरकारी कचेरीच्या वाटतात, म्हणून माझा कौल आँतिबला जास्त वेळ देण्याकडे. या बाजूला जाताना बसायचं डाव्या खिडकीला.

दोन्ही दिवशी आदल्या रात्री ॲपवर संपाची सूचना आहे का ते बघा, फ्रान्समध्ये तो कधीही निघतो. गाड्या बंद असल्या तर नीसहून मोनॅकोला किनाऱ्याच्या रस्त्याने बसही जाते. रेल्वेपेक्षा स्वस्त, वेळ दुप्पट, दृश्य जास्त चांगलं. फक्त त्या दिवशी सगळं गाव त्याच बसला लोटतं, म्हणून सुरुवातीच्या थांब्यावरूनच चढा.